हिरव्या पट्ट्यातली सुई

लहानू गजभिये स्टोअरमधून एक व्हॉल्व्ह आणायला गेला, एवढ्यापासून ही गोष्ट सुरू होते. काम तसं रोजचंच. स्टोअरची पायरी चढायची, शामसुंदर बाबूच्या वहीत सही ठोकायची, पुठ्ठ्याच्या खोक्यातली ती आवाज मोठा करणारी अंगठ्याएवढी काचेची नळी घ्यायची आणि कॅम्प-वन या मजूरवस्तीतल्या आपल्या दुरुस्तीच्या टिनाच्या खोलीत आणून टेस्टरवर लावायची. साल साठ, महिना मे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात तेव्हा दोन भट्ट्या पेटलेल्या, तिसरी उभी होऊन राहिलेली, आणि जिकडे पाहावं तिकडे खोदकाम, लोखंड आणि धूळ. लहानू एका ठेकेदाराकडे भोंग्यांच्या मशिनी दुरुस्त करायचा.

माणूस नागपूरकडचा. छप्पन सालच्या दीक्षेला नागपूरच्या मैदानावर लाखो लोकांत बसलेला. तेव्हापासून घरात देव नाही, अंगारा नाही, आणि भूतबीत तर नाहीच नाही. कोणी भुताची गोष्ट काढली की म्हणायचा, "मले त्याची तार कुठून आली ते दाखव, मंग मानीन." असा कोरडा माणूस. म्हणून तर त्याची गोष्ट सांगतो आहे. दुसऱ्या कोणाची असती तर मीही हसून सोडून दिली असती.

पण त्या दिवशी वहीत सही करताना त्याचा हात थांबला. हा व्हॉल्व्ह रुआबांध्याकडच्या दगडाच्या खदानीतल्या भोंग्याचा होता, चौकशीसाठी काढून स्टोअरात जमा केलेला. आणि त्या खदानीत अकरा दिवसांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीचा, कमलाचा नवरा मेला होता.

"चार बजे जाँच वाले साहब आएँगे," शामसुंदर बाबू वहीतून डोकं वर न काढता म्हणाला. "टेस्ट की चिट्ठी बनाके रखना. सुई हरे में है तो ओके लिख देना, बात खतम."

लहानूने मान हलवली आणि खोकं खिशात घातलं.

त्या खदानीचं असं होतं. दुपारी सुरुंग उडवायचे. त्याआधी देवीदास नावाचा माणूस वरच्या छपरीत बसून जागा रिकामी करायला माईकवर तीनदा ओरडायचा, "खाली करो, खाली करो." काठावरच्या भोंग्यातून आवाज तळापर्यंत जायचा, माणसं वर यायची, मग वरून सुरुंगाचा दांडा दाबायचा. छपरीशेजारीच खडी फोडायची मशीन खडखडायची, त्यामुळे आपला आवाज भोंग्यातून बाहेर पडतो की नाही हे देवीदासला स्वतःला ऐकू यायचं नाही. वरच्या टप्प्यावरची माणसं हात हलवलेला पाहून निघायची. खालच्या टप्प्यावर, वळणापलीकडे, कमलाचा नवरा चंपत एकटा दगडाला भोकं पाडायचा. त्याच्याकडे फक्त भोंगा पोचायचा. माणसं मोजायची पद्धत तोवर नव्हती.

चंपत वर आलाच नाही. सुरुंग उडाले.

ठेकेदाराच्या मुनशीने कागदावर लिहिलं, हाक तीनदा दिली, मजूर नशेत असल्याने त्याने लक्ष दिलं नाही. झालं. मेलेला माणूस काय भांडायला येणार? पण वस्तीत ती ओळ विस्तवासारखी पसरली. चंपतने दीक्षेच्या दिवशी दारू सोडली होती, आणि नुसती सोडली नव्हती, कॅम्पातल्या चार-पाच जणांच्या मागे लागून त्यांचीही सोडवली होती. विहारात तोच पुढे बसायचा. आता बाया नळावर कमलाला पाहून गप्प व्हायच्या. कमला लहानूकडेच येऊन राहिली होती. ती रडत नव्हती. रोज रात्री एकच विचारायची, "दादा, त्या कागदावरून दारूचं नाव निघंल का?"

लहानू म्हणायचा, "पाहू." आणि ताटावरून उठायचा. कारण तिला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्याला ठाऊक होती.

टेस्टर म्हणजे एक लाकडी पेटी. वर व्हॉल्व्ह बसवायची भोकं, बाजूला बटनं, मधोमध काचेखाली सुई. डावीकडे लाल पट्टा, उजवीकडे हिरवा. व्हॉल्व्ह लावा, दोन मिनिटं तापू द्या, बटन दाबा. सुई हिरव्यात गेली की माल चांगला. शामसुंदर बाबूचा नियम याहून सरळ होता: सुई लाल दाखवा आणि नवा व्हॉल्व्ह घेऊन जा, नाही तर चालते व्हा. कानाला काय ऐकू आलं, याचा रकाना त्याच्या वहीत नव्हता.

लहानूला हे काम शिकवलं दुर्गच्या रेल्वेतल्या कृष्णरावांनी. ते सांगायचे, "लहानू, टेस्टर इतकंच सांगते का आत जीव हाय. आवाज साफ हाय का, दोन घंटे उन्हात तापून टिकते का, हे ते पेटी नाही सांगत. ते मशिनीतच लावून, समोर बसून, कान देऊन पाहा लागते." लहानूने हे ऐकलं होतं, त्याला ते पटलंही होतं.

म्हणूनच एप्रिलमध्ये देवीदास मशीन घेऊन आला, म्हणाला, "भाई, एक-डेढ घंटे बाद आवाज मर जाती है," तेव्हा लहानूने तो व्हॉल्व्ह मशिनीत तापवून पाहिला होता. तासाभराने आवाज बारीक होत गेलेला त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. आत कुठेतरी तारेचा टाका सैल होता, तापला की सुटायचा, निवला की पुन्हा टेकायचा. पण टेस्टरवर सुई हिरव्यात. शामसुंदर बाबूने नवा दिला नाही. भांडायचं होतं, साहेबाकडे जायचं होतं. लहानूने कंटाळा केला म्हणा, भ्याला म्हणा. चिठ्ठीवर 'ओके' लिहिलं, खाली सही केली आणि मशीन परत पाठवली.

आता तोच व्हॉल्व्ह त्याच्या हातात होता. 'ओके' लिहिलं तर चंपत दारुडा म्हणून मेला. 'खराब' लिहिलं तर पहिला प्रश्न हाच येणार, की मग एप्रिलच्या चिठ्ठीवर सही कोणाची?

खोलीवर येऊन त्याने टेस्टर लावला. सुई सरळ हिरव्यात जाऊन बसली. त्याने तीनदा केलं, तीनदा हिरवी.

अकरा वाजले होते. लहानूने ठरवलं, मशीनच लावायची. खदानीत होती तशी. त्याने दुरुस्तीला आलेल्या तसल्याच ॲम्प्लिफायरची पत्र्याची पेटी दाराशी उन्हात ठेवली, व्हॉल्व्ह बसवला, भोंगा खोलीतल्या कोपऱ्यात टेकवला आणि चालू केलं. माईक बाजूला काढून ठेवला. समोर स्टुलावर बसला.

बाहेर भाजणारी लू सुटली होती. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. टिनाचं छप्पर तापून टकटक वाजत होतं. भोंग्यातून नुसती गुणगुण येत होती, बारीक, एकसुरी.

तासाभराने त्याने पेन्सिलीने व्हॉल्व्हच्या काचेवर हळूच टिचकी मारली. भोंग्यातून 'टण्ण' आलं. हे त्याच्या ओळखीचं होतं. आतली तार सैल झाली की व्हॉल्व्ह स्वतःच माईक होऊन बसतो. जवळपास जे हलतं, जे वाजतं, ते तो ऐकतो आणि भोंग्यातून सांगतो. यात भुताचं काही नाही, शुद्ध विजेचं काम आहे. त्याने स्टूल सरकवलं, भोंग्यात स्टूल करकरलं. तो खोकला, भोंगा खोकला. लहानूला बरं वाटलं. टाका सैल आहे याचा पुरावाच होता हा. आता चार वाजेपर्यंत असाच तापू द्यायचा, साहेबाला ऐकवायचं आणि काय व्हायचं ते होऊ द्यायचं. नोकरी गेली तर गेली.

साडेबाराच्या सुमारास गुणगुणीच्या खाली आणखी एक आवाज यायला लागला. श्वासाचा. आत, बाहेर. आत, बाहेर. लहानू हसला, आपलाच. उन्हाने छाती भरून आली होती, श्वास मोठा पडत होता. खात्री करावी म्हणून त्याने श्वास रोखून धरला.

भोंग्यातला श्वास चालूच राहिला.

त्याने छाती दुखेस्तोवर दम धरला, मनात तीसपर्यंत मोजलं. भोंग्यात आत, बाहेर चाललंच होतं, शांतपणे, कोणी भिंतीला टेकून बसावं तसं. लहानूने दम सोडला आणि खोलीभर पाहिलं. खाट, टेस्टर, पाण्याचं मडकं, खुंटीवरचा सदरा. तिथे दुसरं कोणी नव्हतं. त्याला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती वाटली ती त्याच्या त्या शुद्ध विजेच्या हिशेबामुळेच. व्हॉल्व्ह दूरचं ऐकत नाही. तो जवळचंच ऐकतो.

खोलीत वास आला. ओल्या दगडाच्या भुकटीचा, आणि त्याच्या मागे जळक्या बारुदीचा.

"भाऊ…" भोंग्यातून आलं. आवाज खरखरीत, दुरून आल्यासारखा, पण ओळखू येणारा. चंपत त्याला भाऊच म्हणायचा. "भाऊ… आवाज दिला का गा?"

लहानू स्टुलावरून उठला नाही.

"मले आयकू नाही आला…" भोंगा म्हणाला. "मी इथंच हाव. वाट पाहून राहिलो…"

मग लहानूने काय केलं, तर माईक उचलला. का उचलला हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. तार जोडली, तोंडाशी धरला आणि म्हणाला, "खाली करो. जावईबापू, वर या. खाली करो." भोंग्यातून त्याचा एक शब्द बाहेर पडला नाही. व्हॉल्व्ह पुरता तापला होता, आतला टाका सुटला होता. बाहेरचा आवाज आत जात नव्हता. फक्त त्या दुसऱ्याचा बाहेर येत होता.

"भाऊ… वर येऊ का?"

"दादा."

हा आवाज दारातून आला. कमला उभी होती, पदर डोक्यावर, हातात घरून आणलेला जेवणाचा डबा. ती कधीची उभी होती कोण जाणे. तिची नजर भोंग्यावर होती.

"हा त्यायचाच आवाज हाय," ती म्हणाली. "दादा, हे कावून विचारून राहिले? हाक तर तीनदा दिली म्हणते ना मुनशी."

लहानूला तिथे रडू फुटलं. खाली बसून त्याने सगळं सांगून टाकलं. एप्रिलची मशीन, बारीक होत गेलेला आवाज, हिरवी सुई, चिठ्ठी, सही. "देवीदासनं हाक दिली, कमला. पण ते तारेतच मेली. जावईबापूले आयकूच नाही गेली. अन् हे मले ठाऊक होतं."

कमलाने डबा जमिनीवर ठेवला. भावाकडे पाहिलं नाही. भोंग्यातला श्वास चालूच होता.

"लिव मंग," ती म्हणाली. "कागदावर लिव. अन् मशीन चालू ठेव. साहेबाले आयकू दे."

"भाऊ…" भोंग्यातून आलं, आणि आता ते कोपऱ्यातून आल्यासारखं नव्हतं, पत्र्याच्या पेटीतूनच, लहानूच्या गुडघ्याशी. "येऊ का वर?"

लहानूचा धीर सुटला. त्याने झडप घालून तो व्हॉल्व्ह उपसून काढला. बोटं पोळली, कातडी काचेला चिकटली.

"नको काढू, दादा," कमला म्हणाली, पण तोवर भोंगा मुका झाला होता.

आणि नशीब असं, की चार वाजता येणारे साहेब अडीचलाच आले. सोबत शामसुंदर बाबू. व्हॉल्व्ह पाण्याच्या मडक्याशेजारी पडून गार झालेला. लहानूने दोन्ही चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. जुनी, सहीची. नवी, 'खराब' लिहिलेली. म्हणाला, "साहब, गलती मेरी है. इसको दो घंटा तपाना पड़ता है, तब आवाज मरती है."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने टेस्टर लावायला सांगितला. सुई हिरव्यात. मशीन लावायला सांगितली. शामसुंदर बाबू माईकवर 'हॅलो, हॅलो' म्हणाला, भोंगा खणखणीत बोलला. साहेब दहा मिनिटं थांबला, रुमालाने मान पुसली, दाराशी बसलेल्या कमलाकडे पाहिलं.

"बहन के लिए बोल रहे हो, मैं समझता हूँ," तो म्हणाला. "पर मीटर झूठ थोड़ी बोलेगा."

नव्या चिठ्ठीवर त्याने लाल शाईने रेघ मारली. चंपतच्या कागदावरची ओळ तशीच राहिली. व्हॉल्व्ह त्याच संध्याकाळी खदानीच्या मशिनीत परत गेला. लहानूची नोकरीही गेली नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून लहानू दुपारच्या सुट्टीत सायकल काढून रुआबांध्याला जाऊ लागला. भोंगा काय ओरडायचा ते ओरडू दे. हा काठाच्या टोकाशी, वळणाच्या बरोबर वर उभा राहायचा आणि स्वतःच्या तोंडाने हाक द्यायचा. खालच्या टप्प्यापर्यंत जाईल अशी. त्याने देवीदासला माणसं मोजायची सवय लावली. चौदा उतरायचे, चौदा वर यायचे, मगच दांडा. घसा सुजला, आवाज घोगरा झाला, तरी त्याने एक दिवस चुकवला नाही. आठवड्याभराने ठेकेदाराने कमलालाही तिथेच पाणी पाजायच्या कामावर घेतलं. ती काठावरच्या पळसाखाली मडकं घेऊन बसायची. वर आलेला प्रत्येक जण खाली वाकून ओंजळ धरायचा, ती लोट्याने पाणी ओतायची. सगळ्यांच्या तोंडाला गमछे, अंगावर पांढरी भुकटी, कोण कुठला ते ओळखू येत नसे.

तिच्या कामाचा पहिला दिवस होता. लहानूने हाक दिली. तीनदा दिली. माणसं एकामागून एक वर आली, पळसाखाली वाकली, प्याली आणि मागे जाऊन दगडाआड बसली. देवीदासने मोजली, चौदा. लहानूने हात वर केला. सुरुंगाचा दांडा सांभाळणाऱ्या बाबुलालने दांड्याला हात घातला.

"अरे, रुको," देवीदास छपरीतून म्हणाला. "लहानू… वो एक आदमी वापस नीचे क्यों जा रहा है?"

लहानूने वळून पाहिलं. पायवाट वळणाशी दगडाआड जात होती. तिथे कोणी नव्हतं, किंवा नुकतंच कोणीतरी वळलं होतं. त्याने ओरडायला तोंड उघडलं, पण बसलेल्या गळ्यातून हवाच निघाली. बाबुलालने फक्त वर केलेला हात पाहिला होता; त्याचा दांडा खाली गेला.

धूळ बसल्यावर सगळे धावत उतरले. अर्धा तास दगड उलथले. काही नाही. वर येऊन पुन्हा मोजलं, चौदाच्या चौदा. देवीदास आईची शपथ घेऊन सांगत राहिला की त्याने पाहिलं, गमछा बांधलेला, सावकाश चालत गेलेला. बाबुलालला कोणीतरी बिडी पेटवून दिली.

लहानू पळसाखाली आला. कमला लोटा विसळत होती. तिचा चेहरा असा निवलेला त्याने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता, आणि त्याचीच त्याला धास्ती वाटली.

"पंधरा जन पानी प्याले, दादा," ती हळूच म्हणाली. "शेवटचा लय वाकला होता. मी तोंडापाशी नाक नेऊन पाह्यलं. दारूचा वास नव्हता. जराबी नव्हता."

लहानूने मागे वळून पाहिलं. खाली खदानीतली पायवाट रिकामी होती.

कमलाने लोटा मडक्यावर उपडा ठेवला आणि पदराला हात पुसले.

"उद्या जरा लवकर आवाज दे," ती म्हणाली. "मी त्यायचा हात धरून बसवून ठेवीन. नाही आयकलं, तर मी सोबत उतरीन."